जुना जॅझ, स्विंग आणि ब्लूज: ऐकायला सुरुवात कुठून आणि कशी करायची

बऱ्याच जणांचं सेम होतं. कोणीतरी सांगतं लुई आर्मस्ट्राँग ऐक, मग यूट्यूबवर जे पहिलं सापडेल ते लावलं जातं, खरखर, दबका आवाज, पाच-सहा वाद्यं एकदम सुरू, नक्की कोणाकडे लक्ष द्यायचं ते कळेपर्यंत संपलं पण, आणि मग "हां, छान आहे, जुनं आहे" म्हणून बंद. दुसरा प्रकार म्हणजे सहा तासांची "कॅफे जॅझ" प्लेलिस्ट लावून लॅपटॉपवर काम करत बसायचं. त्याने काही बिघडत नाही, पण त्यातून कानात काही शिरतही नाही, आणि कोण वाजवतंय हे तर बऱ्याचदा कुठे लिहिलेलंच नसतं.

मी इथे साधारण १९१७ ते १९४५ या काळातल्या अमेरिकन रेकॉर्डिंगबद्दल बोलतोय. माझा आग्रह एकच आहे की हे ढिगाने ऐकू नका. एक तबकडी घ्या, ती कधी झाली, कशी रेकॉर्ड झाली, खोलीत कोण कोण होतं हे पाच मिनिटं शोधा, आणि तीच परत परत ऐका. आवाज जुना आहे, वाजवणं जुनं नाहीये, आणि हे कळायला पन्नास गाणी लागत नाहीत, चार-पाच पुरतात.

पायरी १: तीन मिनिटांचा हिशोब

दहा इंची लाखेची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटं बसायची, पण ती जास्त करून पाश्चात्त्य क्लासिकलसाठी वापरायचे. आपल्या जुन्या गवयांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे नवीन नाही, अख्खा राग तीन मिनिटांत बसवायची कसरत इकडेही होतीच. (आणि ती लाख बरीचशी आपल्याकडूनच जायची, छोटा नागपूरच्या जंगलातून, म्हणजे तिकडच्या तबकडीत इकडचा माल.)

म्हणजे रात्री डान्स हॉलमध्ये लोक नाचतायत तोवर दहा-दहा मिनिटं चालणारी चीज स्टुडिओत तीन मिनिटांत कोंबलेली असते. एखाद्याला सोलो मिळाला तर वीस सेकंद, त्यातच काय सांगायचं ते सांगून बाजूला व्हायचं. घाई त्यांना होती, तुम्हाला नाही, सलग पाच वेळा ऐकलं तरी पंधराच मिनिटं होतात. पहिल्यांदा नुसतं ऐका, मग एकेका वाद्याच्या मागे लागा.

पायरी २: १९२५च्या आधीचं आहे की नंतरचं

ही एक गोष्ट बघितली की अर्धी चिडचिड जाते. १९२५पर्यंत माईक नव्हता. खोलीत एक मोठा भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुई मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरतेय, तीही निव्वळ आवाजाच्या धक्क्याने. वीज नाही, व्हॉल्यूम वाढवायची सोय नाही. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा तो मागे आणि ज्याचा बारीक तो भोंग्याला चिकटून. मोठा ढोल जोरात वाजवला तर सुई उडायची भीती, म्हणून ड्रमवाला बिचारा लाकडी ठोकळे वाजवत बसलेला. खालचा आवाज गायब, आणि वरचा जेमतेम दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंत, त्यामुळे झांजांची चमक नाही.

किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडची पहिली रेकॉर्डिंग एप्रिल १९२३ची, इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावात, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत. स्टुडिओ रेल्वे लायनीला लागून, गाडी आली की थांबायचं. लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायचा (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ), आणि त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला बाकीच्यांपासून लांब मागे उभं करावं लागलं, असं लिल हार्डिन नंतर सांगायची. लिल त्या बँडची पियानोवाली, आणि पुढच्या वर्षी आर्मस्ट्राँगची बायको झाली. आता ती रेकॉर्ड लावा आणि ड्रम कुठे आहे ते शोधा. बेबी डॉड्ससारखा ड्रमवाला आणि ऐकू येतो तो टक-टक ठोकळा. हे माहीत नसलं तर वाटतं बँडच तोकडा आहे.

१९२५मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर व्हिक्टर आणि कोलंबियाने घेतला आणि एकदम पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज यायला लागला, बास ऐकू यायला लागला, गायकाला ओरडायची गरज राहिली नाही. बाकीच्या कंपन्यांना थोडा वेळ लागला. आर्मस्ट्राँगच्या सुरुवातीच्या तबकड्या ज्या ओके कंपनीने काढल्या त्यांना ही यंत्रणा १९२६च्या शेवटाकडे मिळाली, म्हणून त्याच्या १९२६ आणि १९२७च्या रेकॉर्डी पाठोपाठ लावल्या तर कोणीतरी खिडकी उघडल्यासारखा फरक कळतो.

तर नवीन माणसाने १९२७ नंतरचं आधी ऐकावं आणि मग मागे जावं. सनावळीच्या क्रमाने सुरू करू नका. १९१७च्या फेब्रुवारीत ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडने व्हिक्टरसाठी न्यूयॉर्कमध्ये जॅझची पहिली तबकडी केली, खरंय, पण पाच गोऱ्या पोरांनी न्यू ऑर्लिन्सच्या काळ्यांचं संगीत कोंबड्या-घोड्यांचे आवाज काढून विकलं, असाच तो प्रकार आहे. इतिहास म्हणून एकदा ऐका, पहिली म्हणून नको.

पायरी ३: कुठली कॉपी ऐकताय ते बघा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नाव मारलं की शेकडो "बेस्ट ऑफ" येतात, आणि त्यात बऱ्याच वेळा जुनं गाणं नसतंच, त्याच माणसाने पंचवीस-तीस वर्षांनी परत केलेलं असतं. आर्मस्ट्राँगने १९५६-५७मध्ये डेक्कासाठी आपलीच विशीतली गाणी नव्याने वाजवली. वाईट नाहीत, पण ती वेगळी वस्तू आहे. ग्लेन मिलरचं विमान डिसेंबर १९४४मध्ये इंग्लिश खाडीवर नाहीसं झालं, आणि त्याच्या नावाचा बँड त्यानंतरही वाजवतच राहिला. ओळखायची साधी खूण म्हणजे आवाज खणखणीत स्टिरिओ असेल किंवा गाणं साडेचार-पाच मिनिटांचं असेल तर संशय घ्या.

दुसरी भानगड साफसफाईची. काही लोक खरखर काढायच्या नादात सॉफ्टवेअरने सगळं एवढं घासतात की झांज, श्वास, खोलीची हवा, सगळंच जातं आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. मी खरखरीच्या बाजूचा माणूस आहे. थोडी खरखर राहू द्या, दहा मिनिटांत कान ती बाजूला टाकतो, पण जे पुसून टाकलं ते परत येत नाही. जॉन आर. टी. डेव्हिस नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते, तबकडीवरून आवाज उतरवून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जेएसपी लेबलचा, आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या बँडांचा चार सीडींचा सेट त्यांनी केलेला आहे, मिळाला तर तोच ऐका. ब्लूजसाठी डॉक्युमेंट लेबलवर जवळजवळ सगळं क्रमाने आहे पण आवाजाची हमी नाही, याझू लेबलवर कमी आहे पण जीव लावून केलेलं आहे.

फुकटात हवं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स आहे, इंटरनेट आर्काइव्हवर ७८च्या हजारो तबकड्या जशाच्या तशा उतरवलेल्या आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या शहरात, कोण कोण वाजवत होतं हे बघायचं असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने एक डिस्कोग्राफी ऑनलाइन ठेवली आहे, तिची सवय लावून घ्या. यूट्यूबवरच्या वर्णनात लिहिलेलं साल मनावर घेऊ नका.

मोबाईलवर बास बूस्ट, थ्री-डी साउंड वगैरे जे काही चालू असेल ते सगळं बंद करा. हे मोनो आहे. एक बरा स्पीकर समोर ठेवून ऐकलेलं हेडफोनपेक्षा बरं लागतं, हेडफोनमध्ये खरखर डोक्याच्या मधोमध येऊन बसते.

पायरी ४: ब्लूजचं आवर्तन

इथून खरं ऐकणं सुरू. पहिली तबकडी बेसी स्मिथची "सेंट लुई ब्लूज", १४ जानेवारी १९२५, कोलंबिया. हो, आत्ताच मी १९२७ नंतरचं ऐका म्हणालो आणि ही भोंग्यावर केलेली आहे, पण बेसीचा आवाजच असा की तिला माईक लागत नव्हता. डब्ल्यू. सी. हँडीचं १९१४चं गाणं. खोलीत तीनच माणसं, बेसी, कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग, आणि फ्रेड लाँगशॉ चक्क हार्मोनियमवर! हाताने भाता मारायची आपली पेटी नव्हे, पायाने चालवायची, संगीत नाटकाच्या पिटात असायची तसली पायपेटी. मराठी कानाला ही रेकॉर्ड पहिल्या झटक्यात ओळखीची वाटते त्याचं कारण तो सूर.

आता ब्लूजची रचना. १२ बार, प्रत्येक बारमध्ये ४ ठोके, म्हणजे ४८ ठोक्यांचं एक आवर्तन, संपलं की परत पहिल्यापासून. ज्यांना सम धरायची सवय आहे त्यांना हे एका बसण्यात जमेल. गाण्याची पहिली ओळ, मग तीच ओळ परत, मग तिसरी वेगळी, या दोन ओळींना उत्तर देणारी. प्रत्येक ओळ चार बारची, पण गाणारी दोन-अडीच बारमध्येच ओळ संपवते आणि उरलेली जागा वाद्यासाठी मोकळी ठेवते. त्या मोकळ्या जागेत वाद्य काय बोलतं ते ऐकणं म्हणजे निम्मा ब्लूज. खालचे कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ) पाचव्या बारला बदलतात, नवव्याला परत बदलतात, अकराव्याच्या आसपास घरी येतात. हे थिअरी म्हणून पाठ करू नका, बोटांवर बार मोजत ऐका, दोन-तीन दिवसांत मोजायची गरज राहत नाही.

बेसीने ही अतिशय संथ घेतलीय, एवढी की गाणं एकदाच पूर्ण होतं आणि तबकडी संपते. तिची ओळ संपली की आर्मस्ट्राँग बोलतो, आणि तो तिची नक्कल करत नाही, तिच्या शेवटच्या सुरावरून पुढे जातो. एकदा फक्त बेसी ऐका, एकदा फक्त कॉर्नेट. मध्ये एक भाग येतो जिथे हे १२ बारचं गणित मोडतं, तिथे हँडीने टँगोच्या अंगाचा सोळा बारचा तुकडा घातलाय, तिथे मोजणी चुकली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

जाता जाता, या गायिकांना गाण्यामागे एकरकमी पैसे मिळायचे, रॉयल्टी नाही. ऑगस्ट १९२०मध्ये रेकॉर्ड झालेलं मेमी स्मिथचं "क्रेझी ब्लूज" तुफान खपलं तेव्हा कंपन्यांना शोध लागला की काळे लोकही तबकड्या विकत घेतात, मग त्यांच्यासाठी "रेस रेकॉर्ड्स" म्हणून वेगळे कॅटलॉग, वेगळे नंबर. आज आपण जे डोक्यावर घेतो त्यातलं बरंचसं या वेगळ्या यादीतलं आहे. तेव्हाच्या काही गाण्यांच्या शब्दांत आणि जाहिरातींत वर्णद्वेष उघड दिसेल, तोही त्या काळाचाच भाग आहे, बघून न बघितल्यासारखं करू नका.

पायरी ५: एक तबकडी, सेकंदा-सेकंदाने

"वेस्ट एंड ब्लूज". २८ जून १९२८, शिकागो, ओके कंपनी. रचना किंग ऑलिव्हरची, वाजवणारा आर्मस्ट्राँग आणि त्याचा हॉट फाइव्ह, पियानोवर अर्ल हाइन्स, ड्रमला झुटी सिंगलटन, ट्रॉम्बोन फ्रेड रॉबिन्सन, क्लॅरिनेट जिमी स्ट्राँग, बँजो मॅन्सी कार. मोजली तर सहा माणसं, नाव हॉट फाइव्ह, असू दे.

सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटा. ठेका नाही, साथ नाही, ट्रम्पेट वर चढतो आणि मग अशी एक लांब तान घेऊन खाली येतो की ती बारा-तेरा सेकंद वाजवायला पुढच्या पिढ्यांचे ट्रम्पेटवाले आयुष्य घालवत आले. मग सगळा बँड संथ चालीत, ब्लूजचं पहिलं आवर्तन. दुसऱ्या आवर्तनात ट्रॉम्बोन, आणि त्याच्यामागे झुटी घोड्याच्या टापांसारखा टॉक-टॉक आवाज काढतोय, हा आवाज एकदा ऐकू आला की परत ऐकू न येणं अशक्य. तिसऱ्यात क्लॅरिनेट खालच्या पट्टीत दोन-दोन बार बोलतो आणि आर्मस्ट्राँग त्याला तोंडाने उत्तर देतो, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं, आणि बघा किती हळू, हे माईकशिवाय शक्यच नव्हतं. चौथ्यात हाइन्स एकटा. त्याचा उजवा हात ट्रम्पेटसारखा मोकळ्या ओळी टाकतो, मधल्या बाजूला तो अख्खं आवर्तन जवळजवळ उधळून लावतो आणि बरोब्बर जागेवर येऊन उतरतो.

आणि मग पाचवं. आर्मस्ट्राँग वरचा एक सूर धरतो आणि सोडतच नाही, जवळजवळ चार बार, खाली कॉर्ड सरकतायत, हा तसाच. मग सुटतो तो एकदम पाण्यासारखा खाली. हाइन्स थोडंसं वाजवून वेग उतरवतो, बँड येतो, झुटीचा एक शेवटचा टॉक, संपलं. साधारण सव्वातीन मिनिटं.

हे वर लिहिलेलं वाचत वाचत एकदा ऐका, मग कागद बाजूला ठेवून ऐका. मला विचाराल तर हे जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं काही कारण नाही.

पायरी ६: सगळे एकदम वाजवतात तेव्हा

न्यू ऑर्लिन्सच्या (जिथून जॅझ निघाला त्या शहराच्या) पद्धतीत तिघे एकाच वेळी वाजवतात आणि नवख्याला तो गोंधळ वाटतो. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. कॉर्नेट मधे, त्याच्याकडे चाल. क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतो. ट्रॉम्बोन खालून घसरत आधार देतो. जेली रोल मॉर्टनचं "ब्लॅक बॉटम स्टॉम्प" घ्या, सप्टेंबर १९२६, व्हिक्टर, शिकागो, माईकवर केलेलं स्वच्छ रेकॉर्डिंग. पहिल्यांदा फक्त क्लॅरिनेट, दुसऱ्यांदा फक्त ट्रॉम्बोन, तिसऱ्यांदा सगळं. मॉर्टनने हे उत्स्फूर्त वाटेल असं बारकाईने बसवलेलं आहे, कुठे सगळे थांबतात आणि एकटा पियानो राहतो, कुठे ठेका तुटतो, सगळं ठरवून.

पायरी ७: स्विंग

१९३५च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर पोरं तुटून पडली आणि तिथून स्विंगचा, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझचा, धंदा सुरू झाला असं धरतात. धंदा म्हणतोय कारण संगीत आधीपासून होतंच, फ्लेचर हेंडरसनच्या काळ्या बँडने ते घडवलं होतं आणि गुडमन वाजवत होता ती अरेंजमेंट बरीचशी हेंडरसनचीच. यावर एक सोपा खेळ आहे. "किंग पोर्टर स्टॉम्प" तीन वेळा ऐका, १९२३चा मॉर्टनचा एकट्याचा पियानो, मग हेंडरसनच्या बँडचं १९३२चं, मग गुडमनचं १९३५चं ज्यात बनी बेरिगनचा ट्रम्पेट आहे. एकाच चालीला बारा वर्षांत काय काय झालं ते कोणी न सांगता कळतं.

मोठ्या बँडमध्ये एकेक वाद्य शोधू नका, गट शोधा. सॅक्सोफोनचा गट, ट्रम्पेटचा गट, ट्रॉम्बोनचा गट. एक गट एक छोटा तुकडा परत परत वाजवतो, त्याला रिफ म्हणतात, दुसरा गट त्यावर दुसरा तुकडा टाकतो. ब्लूजमध्ये गायिका आणि कॉर्नेटचं जे चाललं होतं तेच इथे पंधरा माणसांत चालतं.

यासाठी काउंट बेसीचं (हा पियानोवाला, मघाची गायिका बेसी वेगळी) "वन ओ'क्लॉक जंप", जुलै १९३७, डेक्का. हाही १२ बारचा ब्लूजच, त्यामुळे मोजता येतो. आधी बेसीचा पियानो, मग हर्शल इव्हान्सचा टेनर सॅक्स, ट्रॉम्बोनवर जॉर्ज हंट, मग लेस्टर यंगचा टेनर, मग बक क्लेटनचा ट्रम्पेट. दोन्ही टेनर नीट ऐका, वाद्य तेच, इव्हान्सचा सूर भरदार, छातीतून आलेला, लेस्टरचा हलका, कोरडा, वरवरून तरंगत जाणारा. हा फरक कानाने पकडलात की तुम्ही जॅझ ऐकायला लागलात असं समजा. आणि खाली गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स. ग्रीन १९३७ला बेसीकडे आला तो १९८७ला मरेपर्यंत तिथेच, पन्नास वर्षं, सोलो जवळजवळ नाहीच, फक्त प्रत्येक ठोक्याला एक छिन्-छिन्-छिन्-छिन्. ते ऐकू आलं तर आलं, नाही आलं तर पाय हलतोय ना ते बघा, तो त्याच्यामुळे हलतोय.

ड्यूक एलिंग्टनवर वेगळा लेख लिहावा लागेल. तूर्त दोनच सांगतो. "मूड इंडिगो" १९३०चं, ज्यात ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन तोंडाला म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावून वर आणि क्लॅरिनेट मुद्दाम सगळ्यात खाली, म्हणजे न्यू ऑर्लिन्सची रचना उलटी केलेली. आणि "को-को", मार्च १९४०, तेही ब्लूज, पण अंधारलेलं, आणि बासवर जिमी ब्लँटन. ग्लेन मिलर गोड आहे, "इन द मूड" सगळ्यांना येतंच, पण तिथेच थांबलात तर मला वाईट वाटेल.

पायरी ८: ठोक्याच्या मागे चालणारे

बिली हॉलिडे. १९३५पासून टेडी विल्सनच्या छोट्या बँडबरोबर तिने ज्यूकबॉक्ससाठी गाणी केली, त्यातली बरीच गाणी शब्दांच्या दृष्टीने अगदीच फुटकळ आहेत आणि त्यातच तिची कमाल दिसते. ती ठोक्यावर गात नाही, मागे रेंगाळते, आता चुकणार असं वाटतं आणि ओळीच्या शेवटी बरोबर पोहोचते. पायाने ठेका धरा आणि तिचा शब्द ठोक्याच्या किती मागे पडतो ते बघा. १९३७मधल्या गाण्यांत लेस्टर यंग तिच्या मागे वाजवतो, कोण कोणाला साथ करतंय कळत नाही. मग कोलमन हॉकिन्सचं "बॉडी अँड सोल", ११ ऑक्टोबर १९३९. मूळ चाल तो सुरुवातीला जेमतेम दाखवतो आणि मग तीन मिनिटं फक्त बढत. ख्याल ऐकणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हीच ऐकवतो.

इथे कॅलेंडरमध्ये एक भोक आहे. १ ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, व्हिक्टर आणि कोलंबियाने नोव्हेंबर १९४४ला तडजोड केली. त्यात युद्धामुळे लाखेची टंचाई. त्यामुळे त्या दोन वर्षांतलं या दोन कंपन्यांचं काही सापडलंच नाही तर शोधत बसू नका, सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क आणि रेडिओवरची रेकॉर्डिंग तेवढी आहेत.

पायरी ९: एकटा माणूस आणि गिटार

मिसिसिपी आणि टेक्सासचा ब्लूज मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. इथे आवाज सगळ्यात खराब, कारण चार्ली पॅटनसारख्यांच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्यांची, माल हलका, आणि आज ज्या थोड्या प्रती उरल्यात त्या लोकांनी झिजेपर्यंत वाजवलेल्या. शिवाय एकटा माणूस असल्यामुळे १२ बारचं बंधन तो पाळेलच असं नाही, साडेअकरा, तेरा, मनाला येईल तसं. मोजणी सोडा. रॉबर्ट जॉन्सनपासून सुरू करा, नोव्हेंबर १९३६ सॅन अँटोनिओ आणि जून १९३७ डॅलस, एवढ्या दोनच बैठका, २९ गाणी, १९३८ला सत्ताविसाव्या वर्षी गेला. सैतानाशी सौदा वगैरे गोष्टी नंतर वाचा, आधी ऐका की एकाच गिटारवर अंगठा खाली बास धरतोय आणि बोटं वर वेगळंच बोलतायत.

मग ब्लाइंड विली जॉन्सनचं "डार्क वॉज द नाइट", डिसेंबर १९२७, डॅलस. शब्द नाहीत, तारेवर घसरणारा सूर आणि त्याला चिकटून हुंकार, एवढंच. १९७७मध्ये व्हॉएजर यानाबरोबर जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यावर हे आहे, आर्मस्ट्राँगचं "मेलँकली ब्लूज" आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी "जात कहाँ हो" आहे. तिन्ही एका बसण्यात ऐका, भैरवीच्या मींडेवरून सरळ स्लाइड गिटारवर.

इकडचा अजून एक धागा मुंबईचा. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले, आणि गोव्याच्या वादकांनी ते थेट त्यांच्याकडून उचललं. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या "अलबेला"मध्ये (१९५१) त्याचा ट्रम्पेट आहे. म्हणजे आपल्या कानांना ब्रासचा हा आवाज आधीपासून माहीत आहे, फक्त कुठून आला ते सांगितलं नव्हतं.

पायरी १०: तबकड्या विकत घ्यायच्या असतील तर

पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका, आणि घेतलीत तर चोरबाजारातला चकचकीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन तरी घेऊ नका, बहुतेक सगळे नव्याने जोडलेले शोभेचे असतात आणि तबकडी खरवडून काढतात. साधा इलेक्ट्रिक टर्नटेबल ज्याला ७८चा वेग आहे तो घ्या आणि ७८ची वेगळी सुई लावा, एलपीची सुई या रुंद खाचेत तळाला घासत जाते, आवाज खराब आणि सुई पण जाते. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीच नको, एका फेरीत गेली. चावीच्या मशीनला स्टीलची सुई असेल तर ती एका बाजूला एकच, स्वस्त मिळतात, कंजूषपणा करू नका.

जुन्या बाजारात एचएमव्ही आणि कोलंबियाच्या कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात दाबलेल्या इंग्रजी डान्स म्युझिकच्या तबकड्या अधूनमधून सापडतात, त्यात कधी एलिंग्टन किंवा गुडमन निघतो. उजेडाकडे तिरकी धरून बघा, खाचा करड्या दिसत असतील तर झिजलेली आहे, कडेपासून भेग असेल तर सोडून द्या. आडव्या रचून ठेवू नका, उभ्या ठेवा. धुवायची असेल तर साधं पाणी आणि थेंबभर सौम्य साबण, मऊ फडकं, कागदी लेबल भिजवायचं नाही, लगेच कोरडी करायची. आणि स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यातलं काहीही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.